शनिवारच्या झेरॉक्स

आमची शाळा कर्नाटकात, बीदर जिल्ह्यातल्या कमलनगरहून जीपनं अर्ध्या तासावर आहे. मराठी माध्यमाची, सरकारी, पहिली ते सातवी. पोरं साठेक आणि शिकवणारे तिघं. त्यातले एक सर वर्षातले निम्मे दिवस कुठल्या ना कुठल्या सर्व्हेच्या ड्युटीवर असतात, त्यामुळं खरं तर आम्ही दोघंच: मी, मुख्याध्यापकही मीच, आणि कन्नड शिकवणाऱ्या अतिथी शिक्षिका. सकाळी पोरांना दूध द्यायचं, त्याचा फोटो काढायचा, तो ॲपवर चढवायचा, रेंज नसली तर गच्चीवर जाऊन चढवायचा, आणि मग फळ्याकडं वळायचं. मराठीतली पुस्तकं कन्नडच्या मागून येतात, कधी कधी चांगलीच मागून. साडेआठला इंग्रजी शाळेची पिवळी गाडी भोंगा वाजवत गावात येते आणि दर जूनला आमची दोन-चार पोरं घेऊन जाते.

हे मी गाऱ्हाणं म्हणून सांगत नाही. एवढं असूनही मला शाळेत जायला आवडतं. बावन्न वर्षांचा झालो, तरी पहिलीतलं पोरगं स्वतःचं नाव पहिल्यांदा नीट लिहून पाटी पुढं करतं तेव्हा मला जेवल्यासारखं वाटतं. माणसाला याहून जास्त काय लागतं ते मला अजून कळलेलं नाही.

सांगायचं आहे ते वेगळंच. ते इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. मला कन्नड वाचता येत नव्हतं.

बोलता यायचं. बाजारात, बसमध्ये, साहेबांपुढं 'हौदु सर, आयतु सर', हो सर, झालं सर, म्हणण्यापुरतं चांगलंच यायचं. पण मी मराठी शाळेतल्या मास्तरांचा मुलगा, शिकलो सगळं मराठीतून आणि नोकरी लागली ती कर्नाटक सरकारची. खात्याची कन्नडची परीक्षा द्यावी लागते, ती मी पाठ करून दिली. एक अर्ज, एक पत्र, एक निबंध. अक्षरं चित्रासारखी डोक्यात ठेवली आणि तशीच कागदावर काढली. पास झालो. त्या दिवसापासून गावाच्या लेखी मी 'कन्नड येणारे गुरुजी' झालो. कुणाचा रेशन कार्डाचा कागद, कुणाची पीकविम्याची नोटीस, सगळे माझ्याकडं घेऊन येऊ लागले. मी म्हणायचो, "ठेवून जावा, बघून सांगतो."

आणि शनिवारी ते सगळे कागद, शाळेला आलेल्या परिपत्रकांसकट, पिशवीत घालून कमलनगरला जायचो. शनिवारी शाळा सकाळची असते. बसस्टँडच्या मागं झेरॉक्सचं दुकान होतं. तिथल्या अण्णांना एक सवय होती. काचेवर ठेवण्याआधी ते प्रत्येक कागद मोठ्यानं वाचायचे, आणि वाचून झाला की गिऱ्हाइकाकडं बघत त्याचा मतलबही सांगायचे. मी मान हलवत ऐकायचो, जणू मला हे सगळं ठाऊकच आहे आणि अण्णा उगीच तोंड चालवतायत. एकेका कागदाच्या दोन-दोन झेरॉक्स घ्यायचो, म्हणजे त्यांना शंका यायला नको. माझ्या कपाटात अशा झेरॉक्सचा गठ्ठा होता, ज्यांची कुणालाच कधी गरज पडली नाही.

वर्षानुवर्षं असं चाललं आणि काही बिघडलं नाही. मग एक मुलगी पाचवीत आली.

ती बौद्ध वस्तीतली. वडील गवंडी, थोडी कोरडवाहूही होती. मुलगी अशी होती की सातवीच्या पोरांना दिलेलं गणित ती आपल्या जागेवरून बोटांवर सोडवायची आणि उत्तर न सांगता नुसती हसत बसायची. सरकारी निवासी शाळा असतात, पाचवीनंतर प्रवेश परीक्षा घेतात, राहणं-जेवण-पुस्तकं फुकट आणि शिक्षणही चांगलं. हे तिच्या वडिलांच्या डोक्यात मीच भरवलं. त्यांना आधी पटेना. एकुलती एक पोर, तिला हॉस्टेलात कशाला टाकायचं. मी चार वेळा घरी गेलो, चहा प्यालो आणि त्यांना तयार केलं. मग दिवाळीपासून ते रस्त्यात भेटले की एकच विचारायचे, "गुरुजी, फारम आला का?"

फॉर्मचं परिपत्रक जानेवारीत आलं. नेहमीसारखं, कशाचं आहे ते न कळताच, मी ते ड्रॉवरात टाकलं. पण हुरड्याचे दिवस होते. एका शनिवारी एका मास्तरांच्या शेतात हुरडा, दुसऱ्या शनिवारी मेहुण्याच्या शेतात. आगटी, गुळाचा खडा, शेंगदाण्याची चटणी, दिवसभर गप्पा. दोन शनिवार मी झेरॉक्सला गेलोच नाही. तिसऱ्या शनिवारी अण्णांनी तो कागद उचलला, वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"गुरुजी, ह्याची तारीख तर गुरुवारीच संपली की."

मी म्हणालो, "ठाऊक आहे. आमचे फॉर्म गेले."

ते पहिलं खोटं. एवढं पटकन निघालं की मला स्वतःचंच आश्चर्य वाटलं.

दुसरं त्या मुलीच्या वडिलांपुढं. त्यांनी विचारल्यावर मी सांगितलं की यंदा आपल्या शाळेला कागद आलाच नाही. ते रागावतील, ऑफिसात जाऊ म्हणतील, अशी माझी भीती होती. त्यांनी उलट माझीच समजूत घातली. "तुमी तरी काय करनार गुरुजी," ते म्हणाले, "आपल्या मराठी शाळंला तिकडं कोन इचारतंय?"

आमच्या भागात हे वाक्य फार लवकर खरं वाटतं. पुस्तकं उशिरा येतात, शिक्षक वेळेवर भरत नाहीत, पाट्या-कागद सगळं कन्नडमध्ये. सोसणाऱ्याला कारण शोधावं लागत नाही, ते आधीच तयार असतं. मी त्याच्या आड जाऊन उभा राहिलो आणि कुणी हटकलं नाही.

पण गाव एवढ्यावर थांबलं नाही. चार माणसं जमली, अर्ज द्यायचा ठरला. मराठी शाळांवर अन्याय होतो, कागद पाठवत नाहीत, वगैरे. अर्ज लिहायला सांगितला मलाच. मी लिहिला, चांगल्या अक्षरात. ती चौघं आणि मुलीचे वडील माझ्यासोबत तालुक्याच्या ऑफिसात यायला निघाले, तेव्हा मात्र मी घाबरलो. तिथला क्लार्क रजिस्टर उघडणार आणि कागद पोचल्याची माझी सही दाखवणार. मी म्हणालो, गर्दी बघून साहेब चिडतात, मी एकटाच जाऊन येतो. गेलो. बसस्टँडवर मिरची भजी खाल्ली, चारच्या बसपर्यंत बाकड्यावर बसलो आणि परत येऊन सांगितलं की साहेब मिटिंगला बीदरला गेलेत, अर्ज देऊन आलो. अर्ज माझ्या पिशवीत होता. दुसऱ्या दिवशी शाळेत भात शिजवणाऱ्या अक्कांच्या चुलीत तो मी टाकला.

एक प्रश्न मी स्वतःला बरीच वर्षं विचारला नाही आणि अलीकडं रोज विचारतो. ती मुलगी वस्तीतली नसून माझ्या गल्लीतली, माझ्या नात्यातली असती, तर मी हुरडा सोडून शनिवारी कमलनगरला गेलो असतो का? मला वाटतं, गेलो असतो. हे लिहायला जड जातं, पण अर्धंच सांगायचं तर सांगायलाच नको होतं.

मुलगी सातवीपर्यंत आमच्याकडंच शिकली. पुढं कमलनगरला कन्नड हायस्कूल, जीपच्या मागच्या फळीवर उभं राहून रोज जाणं-येणं. पहिल्या वर्षी तिला तिथलं काही कळत नव्हतं आणि ती नापास होता होता राहिली, एवढं माझ्या कानावर आलं. मी चौकशी केली नाही. नंतर बीदरला शिक्षकाचा कोर्स केला. आणि गेल्या वर्षी जूनमध्ये अतिथी शिक्षकांची यादी आली, त्यात आमच्या शाळेसाठी तिचं नाव होतं.

मी मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसलेला, ती दारात. म्हणाली, "गुरुजी, आत येऊ का?" अगदी पाचवीत विचारायची तशी. पोरांपुढं मी तिला म्याडम म्हणू लागलो, तिला त्याचं हसू यायचं.

पंधरा दिवसांत शाळेचा रंग बदलला. कन्नडच्या तासाला मुकी होऊन बसणारी पोरं अंगणात कन्नडमध्ये भांडायला लागली. मला मनापासून बरं वाटायचं आणि त्याच वेळी मी तिच्यापासून जरा लांब लांब राहायचो. आता परिपत्रकं फोनवर येतात. फोनला मराठी करायला सांगितलं की तो करतो, पण त्यानं केलेलं मराठी समजायला पुन्हा कुणाला तरी विचारावं लागतं. झेरॉक्सवाले अण्णा वारले आहेत. माझी अडचण होत होती.

शाळा समितीच्या एका बैठकीत वरून आलेला कागद वाचून दाखवायचा होता. मी खिसे चाचपले, चष्मा घरी राहिला म्हणालो आणि कागद तिच्याकडं दिला. तिनं वाचला, मराठीत समजावून सांगितला. लोक गेल्यावर वह्या गोळा करता करता ती हळूच म्हणाली, "गुरुजी, तुमचा चष्मा तर तुमच्या खिशातच हाय."

मी कपाटाला कुलूप लावायला वळलो. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "चौथीच्या कन्नडच्या तासाला मागं येऊन बसत जावा. पोरांना सांगते, गुरुजी तास बघायला आलेत."

मी जाऊन बसलो. चार-पाच दिवस तास बघितला, मग वही उघडली. पोरांना दोन दिवसांत सगळं कळलं. शेजारी बसणारी एक मुलगी माझ्या वहीत डोकावून म्हणायची, "गुरुजी, घाई करायलाव तुमी," आणि माझा हात धरून अक्षर गिरवून घ्यायची. अक्का भाताचं पातेलं घासता घासता विचारायच्या, "काय गुरुजी, पास व्हायलाव का न्हाई?" दिवाळी उलटता उलटता मी वाचायला लागलो. सावकाश, बोट ठेवून, पण वाचायला लागलो. माझ्या नोकरीतलं हे सगळ्यात सुखाचं वर्ष, असं मी बेधडक सांगेन.

यंदाच्या जानेवारीत निवासी शाळांचं परिपत्रक आलं आणि ते खरोखरच उशिरा आलं. मंगळवारी संध्याकाळी फोनवर आलं, शेवटची तारीख येणारा सोमवार. आमच्या पाचवीत दोन हुशार पोरी आहेत. त्यांचे जातीचे, उत्पन्नाचे दाखले काढायचे, फॉर्म भरायचे, एवढ्या दिवसांत कसं व्हायचं? ती चिडली. बुधवारी दुपारी पोरं ताटं धूत होती, तेव्हा तिनं हातानं लिहिलेलं एक कन्नड पत्र माझ्यापुढं ठेवलं. मुदत वाढवून मागणारं, तालुक्याच्या ऑफिसाला. खाली सहीला माझं पद.

पूर्वी मी तशीच सही केली असती. आता मला वाचता येत होतं. आठ-दहा ओळींना मला दहा मिनिटं लागली असतील. शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं की यापूर्वीही एका वर्षी आमच्या शाळेला हे परिपत्रक मिळालेलं नव्हतं आणि त्यामुळं एक विद्यार्थिनी परीक्षेला मुकली होती. ती विद्यार्थिनी कोण, ते तिनं लिहिलं नव्हतं.

मी म्हणालो, "ही ओळ काढ."

"कामून? खरं हाय की."

"खरं न्हाई. तुझा कागद आला होता. माझ्या ड्रॉवरात होता. मला वाचता येत नव्हतं आणि मी कुणाला विचारलं न्हाई."

तिनं पत्र उचललं, त्याची घडी केली, पुन्हा उलगडली. मग विचारलं, "तुमी अर्ज घिऊन गेलता की आफिसात."

"बसस्टँडवर बसून परत आलो."

बाहेर ताटं धुणाऱ्या पोरांकडं बघत ती म्हणाली की हे तिनं आजवर किती जणांना सांगितलंय. कॉलेजात भाषणात सांगितलं, मुलाखतीत सांगितलं, की आमच्या शाळेला कागद येत नव्हता म्हणून मी कन्नड शिकले, तिकडं जाऊन भांडता यावं म्हणून. हायस्कूलला पोरं हसायची, तेव्हा त्याच रागावर तिनं रात्री पुस्तकं घोकली होती. ती रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "अप्पाला सांगितलाव का?"

"न्हाई."

"मग आधी त्येला सांगा. मी संगं येनार न्हाई."

घंटा झाली. ती चौथीच्या वर्गात गेली आणि थोड्या वेळानं तिचा शिकवतानाचा आवाज यायला लागला, रोजच्यासारखाच. त्या दिवशी मी मागं जाऊन बसलो नाही.

शाळा सुटल्यावर गेलो. तिचे वडील खालच्या गल्लीत एका कंपाउंडची भिंत बांधत होते. मला बघून त्यांनी थापी मालात रोवली, विटांच्या ढिगावर बसायला जागा केली. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. हुरडा, अण्णा, भजी, चूल, काही ठेवलं नाही. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, चौदा वर्सं झाली, मी त्या आफिसातल्या लोकाला शिव्या घालायलोय. रोज न्हाई, पर आठवन आली की घालतो. आता त्या कुनाला लावू?"

"मला लावा."

"तुमच्या तोंडावर देववत न्हाईत. घरी गेल्यावर देतो."

मला हसू आलं नाही, त्यांनाही नाही. त्यांनी भिंतीला ओळंबा लावला, एक वीट ठोकून सरळ केली आणि माझ्याकडं न बघता बोलले. त्यांचं म्हणणं असं, की त्यांच्या पोरीचं व्हायचं ते झालं, ती पायावर उभी आहे. पण वस्तीत अजून हीच गोष्ट सांगतात, मराठी शाळेत घातलं तर पोरांपर्यंत कागदच येत नाहीत. तीन-चार घरांनी त्या भीतीनं पोरं इंग्रजी शाळेत घातली. "ती गाडी तुमी बोलवलाव गुरुजी," ते म्हणाले. "शनिवारी मिटिंग लावा आन् समद्यांपुढं सांगा."

पिवळ्या गाडीला मी इतकी वर्षं काळाला, इंग्रजीला, लोकांच्या हौसेला दोष देत होतो. त्या रात्री जेवण गेलं नाही.

गुरुवारी प्रार्थनेला ती आली नाही. पोरं विचारत होती, म्याडम कुठं आहेत. मी म्हणालो, येतील. पण मला वाटत होतं की आता येणार नाही, आणि वर्ग कसा भागवायचा याचा विचार करण्याची सुद्धा माझी लायकी नाही. दुसऱ्या तासाच्या मध्यावर जीप थांबल्याचा आवाज आला. ती पहिल्या जीपनं कमलनगरला जाऊन पत्र टाइप करून आली होती.

"ती ओळ काढलीय," म्हणाली. "सही करा."

मी पूर्ण वाचलं आणि सही केली. त्याउपर ती दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली.

शनिवारच्या बैठकीला नेहमी दहा माणसं येतात, त्या दिवशी तीस-पस्तीस आली; तिच्या वडिलांनी घरोघर सांगितलं होतं. मी बोललो तेव्हा आवाज फार बारीक निघाला, मागून कुणी तरी "मोठ्यानं" म्हणालं, म्हणून पहिल्यापासून पुन्हा सांगावं लागलं. मग दारात उभ्या असलेल्या अक्का म्हणाल्या, "म्हनून व्हय, माझ्या रेशनचा कागद तुमी आठ-आठ दिस ठिवून घ्यायचाव." लोक हसले. मलाही जरा श्वास आला. पण एक माणूस हसला नाही. तो उठून म्हणाला की ह्याच गोष्टीवरून त्यानं आपला थोरला इथून काढून नेला, कर्ज काढून फी भरली, आणि चपला घालून निघून गेला.

हे वर कळवावं असं कुणी तरी म्हणालं. तिचे वडील म्हणाले, "त्येनीच लिव्हावं. कन्नडमधी."

लोक गेल्यावर मी कार्यवृत्ताची वही घेऊन बसलो; त्याचीच नक्कल वर जाणार होती. ती आल्यापासून ते लिहायचं काम तिच्याकडं असायचं. पाऊण तास लागला. बैठकीस कोण हजर होतं, मुख्याध्यापकांनी काय सांगितलं, पालकांनी काय विचारलं. लिहून वही तिच्यापुढं ठेवली. तिनं लाल पेन काढला आणि चौथीची वही तपासतात तशी ओळीओळीनं तपासायला लागली. चुका पुष्कळ होत्या. एका ओळीवर तिचा पेन थांबला. तिथं मी लिहिलं होतं, त्या वर्षी परिपत्रक वाचायचे राहून गेले.

"राहून गेलं न्हाई," ती म्हणाली. "तुमी वाचला न्हाई. तसं लिवा."

मी ओळ खोडली आणि तिच्यासमोर तसं लिहिलं. ती म्हणाली, "माफ केलं म्हनायला मला अजून जमायचं न्हाई, गुरुजी." मी म्हणालो, नको म्हणू. तिनं वही मिटून काखेत घेतली, समितीच्या सह्या आणते म्हणाली आणि आधी पाचवीच्या वर्गाकडं वळली. तिथं दोन पोरी दाखले घेऊन बसल्या होत्या, फॉर्म भरायचे होते आणि मुदत वाढल्याचं काही कळलं नव्हतं. तिनं वर्गाच्या दारातून मला हाक मारली, की उत्पन्नाच्या दाखल्यावरची तारीख काय आहे ती वाचून सांगा, फोटो चिकटवताना माझे हात गोंदानं भरलेत. मी चष्मा लावून उठलो.